मुळांची सोयरीक : संत्र्याचे झाड आणि त्याची मित्र बुरशी

विदर्भातील संत्रा बागाइतदाराच्या कानी ‘बुरशी’ हा शब्द पडला की त्याच्या डोळ्यांपुढे प्रथम डिंक्या रोगच उभा राहतो. काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरूड, मोर्शी या भागांत असा बागाइतदार विरळाच, की ज्याने खोडातून डिंक गळताना, बुंध्याची साल कुजताना व भर उमेदीतले झाड पिवळे पडून वाळताना पाहिले नाही. हा रोग करणाऱ्या फायटोफ्थोरा या जीवाची गणना शास्त्रज्ञ आता खऱ्या बुरशीत करीत नाहीत. परंतु ज्याची झाडे गेली त्यास या वर्गीकरणाचे सोयरसुतक नसणे स्वाभाविकच आहे. सबब बुरशी म्हणजे शत्रू, आणि जमिनीत बुरशी असेल तर ती मारली पाहिजे, अशी समजूत खेड्यापाड्यांत दृढ झाली आहे.

ही समजूत अर्धीच खरी आहे. ज्या जमिनीत डिंक्याचा जंतू राहतो त्याच जमिनीत दुसरीही एक बुरशी राहते, व ती नसेल तर संत्र्याचे रोप नीट वाढूच शकत नाही. ती झाडाच्या मुळात शिरते, पण मूळ कुजवीत नाही. झाडाकडून ती साखर घेते आणि मोबदल्यात जमिनीतून स्फुरद, जस्त, तांबे व काही अंशी पाणी आणून देते. या भागीदारीस शास्त्रीय भाषेत मायकोरायझा म्हणतात. ‘बुरशी’ व ‘मूळ’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून हे नाव झाले असल्यामुळे आपण तिला येथे कवकमूळ म्हणू.

हे नाव १८८५ साली जर्मनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी दिले. त्याची कथा मौजेची आहे. युरोपात ट्रफल नावाची, जमिनीखाली वाढणारी, अतिशय महाग विकली जाणारी एक खाद्य बुरशी आहे. तिची लागवड करता येईल काय, याचा शोध घेण्याचे काम प्रशियाच्या सरकारने फ्रांक यांच्याकडे सोपविले. ट्रफलची लागवड काही त्यांना साधली नाही. परंतु ही बुरशी ज्या झाडांखाली मिळते त्यांची मुळे तपासताना त्यांना असे दिसून आले की, मुळांच्या टोकांवर बुरशीचे जणू मोजेच चढविलेले आहेत आणि झाड मात्र धडधाकट आहे. बुरशी झाडास पोसते हा त्यांचा निष्कर्ष त्या काळच्या पुष्कळ विद्वानांस पटला नाही. आपल्या शेजारच्या बस्तरात पहिल्या पावसानंतर सालवृक्षाखाली निघणारा ‘बोडा’ लोक आवडीने खातात. तोही याच जातीच्या भागीदारीचे फळ होय.

शेतातील पिकांची व फळझाडांची भागीदारी मात्र निराळ्या प्रकारची असते. तिच्यात मुळावर मोजा दिसत नाही. बुरशीचा तंतू मुळाच्या पेशीत शिरून तेथे लहानशा झाडासारख्या फांद्या फोडतो, आणि त्या फांद्यांच्या टोकांशी देवघेव चालते. जमिनीवरील दर दहा वनस्पतींपैकी सात-आठ वनस्पतींच्या मुळांत ही सोयरीक आढळते. कापूस, ज्वारी, तूर, सोयाबीन, हरभरा, मका, कांदा, हळद, जवस या सर्व पिकांत ती आहे. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी या गावी सापडलेल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या दगडांत आदिम वनस्पतींचे अवशेष मिळाले, त्यांतही अशाच फांद्या दिसल्या. त्या वनस्पतींना खरी मुळेही नव्हती. म्हणजे ही सोयरीक मुळांहूनही जुनी म्हणावयाची!

स्फुरद आणि आपली काळी जमीन

झाडास स्वतःची मुळे असता या मध्यस्थाची गरज काय, अशी शंका कोणासही येईल. तिचे उत्तर स्फुरदाच्या स्वभावात आहे. नत्र पाण्याबरोबर जमिनीत वाहते व मुळांपर्यंत आपण होऊन येते. स्फुरद तसे नाही. ते मातीच्या कणांस चिकटून बसते. नागपूरकडील काळ्या जमिनी चुनखडीयुक्त व किंचित अल्कधर्मी असल्याने येथे खतातून घातलेले स्फुरद चुन्याशी संयोग पावते आणि त्याचा मोठा भाग पिकाच्या हाती लागत नाही. मुळाच्या लगतचे एक-दोन मिलिमीटरचे स्फुरद एकदा संपले की पुढचे त्याच्याकडे चालत येत नाही. कवकमुळाचे तंतू मात्र त्या रिकाम्या पट्ट्यापलीकडे काही सेंटिमीटरपर्यंत जातात, आणि केसाहूनही कितीतरी बारीक असल्यामुळे मूळ जेथे शिरू शकत नाही अशा फटींतून मातीचे कण धुंडाळतात. जस्ताचीही गोष्ट अशीच आहे. संत्र्याच्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडणे हे जस्ताच्या उणिवेचे लक्षण आपल्याकडे नित्य दिसते.

हा सर्व खटाटोप बुरशी फुकट करीत नाही. झाड आपल्या पानांत जे अन्न तयार करते त्यातील बऱ्यापैकी वाटा ते या भागीदारास देते. निरनिराळ्या प्रयोगांत तो शेकडा ४ पासून २० पर्यंत आढळला आहे. म्हणूनच झाड हिशेबी आहे. जमिनीत सुलभ स्फुरद भरपूर असेल तर ते भागीदार पोसण्याचे कमी करते व मुळांतील बुरशी उणावते. माती न तपासता दरवर्षी स्फुरदाची पोती ओतणारा शेतकरी एका हाताने खत देतो आणि दुसऱ्या हाताने ते वाहणारा हमाल कामावरून काढतो, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

या भागीदारीने रोपांची वाढ प्रत्यक्ष सुधारते, हे नियंत्रित प्रयोगांनी दाखविणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत इंग्लंडच्या बार्बारा मॉस यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी १९५७ मध्ये सफरचंदाच्या रोपांवरील आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोवर या बुरशीस पुष्कळ कृषिशास्त्रज्ञ एक कुतूहलाची वस्तू एवढेच समजत असत.

रोपवाटिकेतील कोडे

संत्रा बागाइतदारास सर्वांत जवळची असलेली घटना मात्र अमेरिकेतील आहे, आणि ती रोपवाटिकेत घडली. तेथील लिंबूवर्गीय फळांच्या रोपवाटिकांत रोगजंतू व सूत्रकृमी मारण्यासाठी मातीस मेथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी देण्याचा प्रघात पडला होता. धुरी दिलेल्या वाफ्यांत रोगजंतू नाहीसे होत. पण रोपे मात्र खुजी राहत, पाने निस्तेज होत आणि वाढ खुंटे. त्यातच एखादे रोप किंवा रोपांचा पुंजका जोमाने वाढलेला दिसे. वायूचे विष मातीत उरले असावे, असा प्रथम तर्क करण्यात आला. पुढे इलिनॉय विद्यापीठातील क्लाइनश्मिट व गर्डेमान यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की, धुरीने रोगजंतूंबरोबर कवकमुळाची बुरशीही मेली होती, आणि खुजेपणाचे कारण तेच होते. मातीत ती बुरशी परत घातली असता रोपे वाढू लागली. जोमाने वाढलेल्या तुरळक रोपांच्या मुळांत ती कोठूनशी आलेली होती, इतकेच.

लिंबूवर्गीय झाडांच्याच बाबतीत हा परिणाम एवढा ठळक का व्हावा? या झाडांच्या मुळांना केशमुळे थोडी व आखूड असतात. ज्वारीसारख्या बारीक व दाट मुळांच्या पिकास बुरशी नसली तरी ते कसेबसे निभावून नेते; संत्र्याची मुळे मात्र जाड व विरळ असल्याने त्यांचा निभाव लागत नाही. आपल्याकडे नागपुरी संत्र्याचा डोळा जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरतात. जमिनीखाली जे काही आहे ते या खुंटाचेच आहे, तेव्हा सोयरीक जुळावयाची ती त्याच्याशी.

नागपूर येथे १९८५ मध्ये लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. तेच आज केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या नावाने ओळखले जाते. या संस्थेतील मृदाशास्त्रज्ञ डॉ. ए. के. श्रीवास्तव यांनी संत्रा बागांतील जमिनी, झाडांचे पोषण आणि मुळांभोवतीचे सूक्ष्म जीव यांवर दीर्घकाळ काम केले असून, लिंबूवर्गीय झाडांतील कवकमुळांविषयी चीनमधील यांगत्से विद्यापीठाचे वू छ्यांगशंग यांच्यासमवेत लिखाणही केले आहे. त्या लिखाणाचा रोख असा की, या बुरशीचे काम केवळ स्फुरद पुरविण्यावर संपत नाही. पाण्याचा ताण सोसणे, मातीचे कण बांधून ठेवणे, मुळांची ठेवण सुधारणे या गोष्टींतही तिचा हात आहे.

याच संस्थेने रोगमुक्त कलमांचा पुरस्कार केला आणि त्यासाठी पिशव्यांत भरावयाची माती आधी निर्जंतुक करून घेण्यावर भर दिला. तो सर्वथा योग्य आहे. डिंक्याचा जंतू रोपवाटिकेतून बागेत गेला तर पुढे बागाइतदारास आयुष्यभर पुरतो. परंतु येथेच अमेरिकेतील त्या कोड्याची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. मातीस वाफ दिली की शत्रू जातो, तसा मित्रही जातो. उन्हाळ्यात पारदर्शक प्लॅस्टिकखाली तापविलेल्या मातीत मित्र बुरशीचा काही अंश तगून राहू शकतो. पण त्यावर विसंबून राहणे बरे नव्हे. निर्जंतुक मातीत खुंटाची रोपे लावतानाच मुळांखाली मित्र बुरशी घातली, तर रोग टाळूनही रोप पोरके राहत नाही. कलमे विकत घेणाऱ्याने रोपवाटिकावाल्यास माती निर्जंतुक केली काय, एवढेच विचारून थांबू नये; नंतर तिच्यात काय मिसळले, हेही विचारावे.

गुमगावच्या टेकड्या

शेतीपासून किंचित दूरचे, परंतु या बुरशीचे सामर्थ्य दाखविणारे दुसरे काम नागपुरातच झाले. येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेस, म्हणजे ‘नीरी’स, सर्व जण ओळखतात. १९५८ मध्ये ती सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून सुरू झाली आणि १९७४ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. या संस्थेतील डॉ. आशा जुवारकर व त्यांचे सहकारी यांनी सावनेर तालुक्यातील गुमगावच्या मँगनीज खाणीवर काम हाती घेतले. (बुटीबोरीच्या वाटेवर ज्या नावाचे रेल्वे स्टेशन लागते ते गुमगाव हे नव्हे.)

खाणीतून खनिज काढताना जो निरुपयोगी मुरूम व दगड निघतो त्याचे ढीग खाणीजवळ रचले जातात. वर्षे लोटली तरी त्यांवर गवताची काडी उगवत नाही. त्यांत सेंद्रिय अंश नाही, नत्र नाही, पाणी धरून ठेवण्याची शक्ती नाही; धातूंचे प्रमाण मात्र झाडांस बाधण्याइतके असते. पावसाळ्यात ही माती वाहून खालच्या शेतांत व नाल्यांत उतरते. ज्याचे शेत अशा ढिगाच्या पायथ्याशी आहे त्यास या प्रश्नाचे महत्त्व सांगावयास नको.

जुवारकर यांनी यावर जी पद्धत बसविली ती साधी आहे. ढिगावर खड्डे घेऊन त्यांत शेणखत किंवा प्रेसमड, म्हणजे साखर कारखान्यात उसाचा रस गाळताना उरणारा गाळ, मिसळण्यात आला. स्थानिक मातीतूनच वेगळ्या केलेल्या, म्हणून तेथील धातूंस सरावलेल्या, कवकमुळाच्या बुरशीची व ऱ्हायझोबियम, अॅझोटोबॅक्टर या नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंची रोपांच्या मुळांशी जोड करून देण्यात आली. आणि मग साग, शिसू, शिवण, कडुनिंब अशी झाडे व बांबू लावण्यात आला. सुमारे वीस वर्षांनंतर त्या ठिकाणी उभ्या राहिलेल्या वनात व त्याखालच्या मातीत किती कार्बन साठला याचे मोजमाप करून, त्यावरील निबंध या मंडळींनी २०१० मध्ये ‘एन्व्हायर्न्मेंटल मॉनिटरिंग अँड असेसमेंट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ज्या ढिगात सेंद्रिय कर्ब जवळजवळ नव्हताच, तेथे तो कित्येक पटींनी वाढलेला होता. कोळशाच्या खाणींवरील ढिगांवरही हीच पद्धत पुढे वापरण्यात आली.

या यशाचे सगळे श्रेय बुरशीस देण्याचा मोह आवरला पाहिजे. सेंद्रिय खत घातले नसते तर बुरशी एकटी त्या दगडांत काय करणार होती? खत, जिवाणू, बुरशी व झाडांची निवड या चारही गोष्टी एकत्र आल्या म्हणून काम झाले. खेड्यात ‘बुरशीची पुडी टाका व खत विसरा’ असे सांगणारे विक्रेते भेटतात. त्यांना गुमगावच्या खड्ड्यांत आधी काय भरले होते, हे अवश्य विचारावे.

पड जमीन आणि उपाशी बुरशी

या बुरशीचे एक वैगुण्य असे की, जिवंत मुळाविना ती वाढत नाही. ऱ्हायझोबियम प्रयोगशाळेत बाटलीत वाढविता येतो, तशी ही नुसत्या पोषक द्रावणात वाढविता येत नाही. तिला जिवंत मूळच लागते. यातून शेतकऱ्यास उपयोगी असा एक धडा ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये मिळाला. तेथील जमीन आपल्यासारखीच काळी व भेगाळणारी. ओल साठावी म्हणून ती वर्ष-सव्वा वर्ष पड ठेवीत. ओल साठे, नत्रही वाढे, तरी पुढचे सूर्यफूल किंवा जवस मात्र स्फुरद व जस्ताच्या उणिवेने रोगट दिसे. थॉम्प्सन या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखविले की, दीर्घ पडीच्या काळात मुळेच नसल्याने कवकमुळाची बुरशी उपासमारीने घटली होती.

आपल्याकडे पड इतकी लांब नसते हे खरे. तथापि संत्र्याच्या बागेत झाडांमधील पट्टा बारा महिने वखरून लख्ख ठेवण्याची जी हौस आहे तिचा या दृष्टीने फेरविचार झाला पाहिजे. वारंवार खोल वखरणीने तंतूंचे जाळे तुटते, तशी झाडाची वरच्या थरातील मुळेही तुटतात व त्या जखमांतून डिंक्याचा जंतू शिरतो. बाग लहान असताना मधल्या पट्ट्यात हरभरा, मूग, उडीद, सोयाबीन अशी पिके घेतल्यास बुरशीस घर मिळते. मोहरी, कोबी, फुलकोबी, मुळा, पालक, बीट यांच्या कुळांत मात्र ही सोयरीक नाही. ती पिके घेऊ नयेत असे नव्हे. पण ओळीने तीच ती घेतल्यास जमिनीतील बुरशीची संख्या खालावते. बेनोमिल, कार्बेन्डाझिम यांसारखी बुरशीनाशके कारणाविना जमिनीत ओतणेही तिला बाधक ठरते. खोडास बोर्डो मलम लावण्याने असा धोका नाही. ते लावीतच राहावे.

घरच्या घरी बुरशी कशी वाढवावी

बाजारात कवकमुळाचे खत मिळते. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये जैविक खतांचा पुढे समावेश झाला असून कवकमुळाच्या खतासही मानक लागू आहे. पिशवीवर उत्पादनाचा व मुदतीचा दिनांक, जिवंत बीजाणूंचे प्रमाण आणि परवाना यांचा उल्लेख नसल्यास ती घेऊ नये. परंतु थोड्या रोपांसाठी खर्च करण्याचे कारण नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील रीत एखाद्या शेतकऱ्याच्या मळ्यात प्रत्यक्ष करून दाखवावी.

उन्हाळ्याच्या अखेरीस, जेथे नांगर पोचत नाही अशा बांधावरील किंवा रानातील गवताच्या मुळाशी वीतभर खोल खणून बारीक मुळांसकट चार-पाच घमेली माती घ्यावी. संत्र्याच्या बागेतील माती घेऊ नये. ती कितीही निरोगी दिसली तरी तिच्याबरोबर डिंक्या व सूत्रकृमी येण्याचा संभव असतो. सावली नसलेल्या जागी हातभर खोल खड्ड्यास किंवा जुन्या सिमेंटच्या टाक्यास प्लॅस्टिकचे अस्तर लावून त्याच्या तळाशी निचऱ्याकरिता भोके पाडावीत. त्यात दोन भाग धुतलेली रेती व एक भाग उन्हाने तापविलेली माती भरावी, आणि त्यावर आणलेल्या मातीचा दोन बोटे जाडीचा थर पसरावा. वर ज्वारी किंवा मका दाट पेरावा व पातळ थराने झाकावा. स्फुरदयुक्त खत मुळीच घालू नये. पाने फिकी पडली तरी थोडे शेणखताचे पाणी देऊन निभावावे. झाडे उपाशी राहिली की बुरशीस अधिक जवळ करतात.

तीन महिन्यांनी पाणी तोडावे. दहा-पंधरा दिवस झाडे सुकू द्यावीत. या काळात बुरशी आपले बीजाणू तयार करते. मग ताटे जमिनीलगत कापून टाकावीत, मुळे उपसून त्यांचे बारीक तुकडे करावेत व ते त्याच मातीत कालवावेत. ही माती सावलीत वाळवून गोणपाटात ठेवावी आणि पुढच्या हंगामात वापरावी. पिशवीत खुंटाचे रोप लावताना मुळांच्या नेमकी खाली एक मूठ घालावी. वरून शिंपडून उपयोग नाही, कारण बुरशी चालत मुळाकडे जात नाही. मूळच वाढून तिच्यापाशी पोचले पाहिजे. जुन्या, पूर्ण वाढलेल्या बागेत ही माती टाकण्यात मात्र श्रम दवडू नयेत. तेथे बुरशी बहुधा असतेच, व तिला त्रास न देणे हाच उपाय आहे.

फळ मिळाले की नाही हे डोळ्यांनी दिसत नाही. मुळे पारदर्शक करून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. ही सोय कृषी महाविद्यालयांत व संशोधन संस्थांत असते. शेतकऱ्यापाशी दुसरे साधन आहे. पंचवीस रोपांना बुरशीची माती घालावी, पंचवीस रोपांना घालू नये, आणि बाकी सर्व मशागत सारखी ठेवावी. दर महिन्यास दोन्हीकडच्या रोपांची उंची व जमिनीपासून वीतभर उंचीवरची खोडाची जाडी मोजून वहीत लिहावी. डोळा भरण्याजोगी जाडी कोणत्या ओळीतील रोपांना आधी येते याची नोंद विशेष ठेवावी. रोपवाटिकेत वाचलेला एकेक महिना म्हणजे पाण्याची, मजुरीची व जागेची बचत असते.